ड्रायव्हरची डावी बाजू

माझं डोकं लवकर तापतं, हे मला मान्य आहे. घरात मला हाकच मुळी ‘फ्यूज’ म्हणून मारतात. पण बुधवारी संध्याकाळी बाबांनी जे केलं ते ऐकून तुमचंही तापलं असतं. आमच्या मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आगगाडीचं टेबल आहे. स्टेशन, पूल, बोगदा, बोटभर उंचीची झाडं, वीतभर लांबीची इंजिनं, सगळं बाबांनी बावीस वर्षं खपून स्वतःच्या हातानं केलेलं. ते टेबल त्यांनी एका फोनवर देऊन टाकलं. छोट्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून आम्ही त्यांना घड्याळवाले म्हणतो. त्यांना बाबा म्हणाले, "शनिवारी चार वाजता टेम्पो घेऊन या आणि उचला."

"अहो बाबा, एका शब्दानं विचारायचं तरी!"

"कुणाला विचारायचं? माझं होतं, मी दिलं," असं म्हणून त्यांनी आपली चाकांची खुर्ची भिंतीकडे वळवली.

बाबा खऱ्या रेल्वेत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय काठी धरण्यापुरता परत आला, उजवा हात काही आला नाही. टेबलावरची गाडी चालवायची म्हणजे एका हातानं वेग सांभाळायचा, दुसऱ्या हातानं कडेची चौदा बटणं दाबायची, आणि गाडी जाईल तसं आपणही टेबलाभोवती फिरायचं. एका हातानं, खुर्चीत बसून, हे जमणार कसं? ते त्या खोलीत जाईनासे झाले. मग हळूहळू आमच्याशी बोलेनासे झाले. कुणी ओळख करून देताना "हे ड्रायव्हर आहेत" म्हणालं, की ते "होतो" म्हणून दुरुस्त करायचे. टेबल गेलं की माणूसही हातचा जाणार, हे मला आणि आईला स्वच्छ दिसत होतं.

आणि माझा मूर्खपणा ऐका. या दुखण्यावरचं औषध महिनाभर माझ्याच पलंगाखाली पडून होतं! डिजिटल कंट्रोलचा अख्खा संच. मी योग्य वेळ बघत बसले होते. योग्य वेळ कसली डोंबलाची!

हे डिजिटल प्रकरण काय असतं ते सांगते. जुन्या पद्धतीत रुळात जेवढा करंट सोडाल तेवढी गाडी पळते, त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदमच पळत सुटतात. डिजिटलमध्ये रुळात करंट कायम भरलेला असतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चकती बसवायची आणि तिला नंबर द्यायचा. मग हातातल्या रिमोटवरून म्हणायचं, तीन नंबर, हळू चल. तीन नंबर चालतो, बाकीचे ढिम्म हलत नाहीत. वर्गात हजेरी घेतात ना, तसं. आणि हे सगळं एका अंगठ्याचं काम. डाव्या अंगठ्याचंसुद्धा!

मी लिफ्टची मेकॅनिक आहे. एकोणीस वर्षं लिफ्टच्या पेट्यांमधली वायरींची जाळी सोडवली आहेत. दोन दिवस पुरे, असं मला वाटलं. गुरुवारी सकाळी कामावर फोन करून शनिवारपर्यंतची रजा टाकली आणि टेबलाखाली उताणी आडवी झाले.

काम सरळ होतं. टेबलाच्या पोटाशी दोन जाड वायरी शेवटपर्यंत न्यायच्या, एक लाल, एक काळी. रुळांचे अकरा तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन रुळांमधून दोन बारीक शेपट्या खाली लोंबत होत्या. एका बाजूच्या सगळ्या लालला जोडायच्या, दुसऱ्या बाजूच्या सगळ्या काळीला. लाल-काळी कुठेही एकमेकींना भिडली की शॉर्ट. पण या बाबामहाराजांनी बावीसच्या बावीस शेपट्या एकाच राखाडी वायरीच्या केलेल्या! कुठली कुठल्या रुळाची, काही पत्ता लागेना.

मीटर लावून मला शोधता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण मी मुद्दामच बोंब ठोकली.

"बाबा! हा काय गोंधळ घालून ठेवलाय? यातली डावी कुठली, उजवी कुठली?"

मग पक्कड टेबलाच्या पायावर आपटली.

"जाऊ दे, अंदाजानं जोडते! जळलं तर जळलं!"

खुर्चीची चाकं करकरली. आईनं त्यांना ढकलत दारापर्यंत आणलं. ते उंबरा ओलांडेनात. "अंदाजानं म्हणे. लिफ्टसुद्धा अंदाजानंच जोडतेस काय?"

"मग सांगा तुम्ही."

मग त्यांनी डोळे मिटले. हे मला नंतर आईनं सांगितलं, मला टेबलाखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. ते म्हणाले, "स्टेशन सोडलं. पहिला तुकडा. खिडकीकडची डावी."

मी चिकटपट्टीवर ‘डा’ लिहिलं आणि शेपटीला गुंडाळलं.

"दुसरा तुकडा. डावीकडे पाण्याची टाकी. टाकीकडची डावी. आता पूल. पुलावर तीसच्या वर जायचं नाही."

"बाबा, मला वायर सांगा, वेग नको!"

"तीस म्हणजे तीस," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा डावा पाय खुर्चीच्या फळीवर हलके हलके ताल धरायला लागला. अहो, काय सांगू! मला टेबलाखाली हसू आवरेना. माझे बाबा गाडी चालवत होते! मिटल्या डोळ्यांनी, हातात काही नसताना, पण चालवत होते. आईनं चहा आणून ठेवला तो निवून गेला, त्यांना पत्ता नाही. बोगदा गेला. सहावा तुकडा संपला. मग त्यांचा आवाजच बदलला. "सांधा आला. आता वळसा."

हा वळसा म्हणजे त्यांच्या जिवाचा तुकडा. पूर्वी लाइन बोगद्यापलीकडे जाऊन भिंतीशी संपायची आणि गाडी उलटी मागे आणावी लागायची. जन्मभर गाडी पुढे नेलेल्या माणसाला ते डाचायचं. म्हणून आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी टोकाला रुळांचा गोल वळसा घातला. सांध्यावरून, म्हणजे रूळ दोन बाजूंना फुटतात तिथून, गाडी आत शिरणार, गोल फिरून त्याच सांध्यावर येणार, आणि त्याच लाइनीवरून तोंड आपल्याकडे करून घरी परतणार. रूळ टाकून झाले आणि बाबा पडले. त्या वळशावरून गाडी एकदाही फिरली नव्हती.

"अकरावा तुकडा. भिंतीकडची डावी. परत सांध्याशी आलो," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. तेव्हा त्यांची खुर्ची खोलीत चांगली हातभर आत आलेली होती. ती कुणी ढकलली, आईनं की त्यांनी, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत मी सगळ्या शेपट्या कथलाचा डाग देऊन जोडल्या. तीन नंबरच्या इंजिनात चकती बसवली. बाबा टेबलाच्या डोक्याशी बसले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट! आईनं भुवया उडवून मला तो दाखवला. मी रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला आणि कंट्रोलच्या डब्याचं बटण दाबलं.

टीं टीं टीं टीं! लाल दिवा. शॉर्ट.

बंद केलं, परत लावलं. टीं टीं टीं टीं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस पाठ मोडून काम केलं होतं आणि उद्या चारला टेम्पो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मी बोलून गेले, "तुम्ही डावं-उजवं चुकीचं सांगितलंत, बाबा! कुठेतरी नक्की उलटं सांगितलंत!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई कडाडली. "तुझं जोडकाम बघ आधी."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "हिचं बरोबर असेल," ते म्हणाले. "दवाखान्यात डॉक्टर म्हणायचे, डावा हात वर करा, आणि मी पहिले काही दिवस नुसता बघत राहायचो. मला वाटलं ते बरं झालं. झालेलं दिसत नाही. ज्या ड्रायव्हरला डावं-उजवं कळत नाही त्यानं कशाला बसायचं इथं? नेऊ देत त्यांना उद्या."

आणि ते खुर्ची फिरवून निघूनच गेले.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आठ महिन्यांनी माणूस त्या खोलीत आला होता आणि मी त्याला हाकलून दिलं. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली. मी परत टेबलाखाली शिरले आणि रागारागानं एकेक शेपटी सोडवायला लागले. अकरावा तुकडा सोडवला, टीं टीं. दहावा, टीं टीं. नववा, आठवा. शेवटी स्टेशनाजवळची एकच जोडी राहिली. एक लाल, एक काळी, बाकी सगळं सुटं. बटण दाबलं. टीं टीं टीं टीं!

अरेच्चा! एकाच जोडीत डावं-उजवं चुकलं तरी काय बिघडणार होतं? उलटं जोडा, सुलटं जोडा, दोन वायरी दोन रुळांवर. म्हणजे बाबांच्या सांगण्याचा यात काही संबंधच नव्हता! शॉर्ट वायरीत नव्हता, रुळातच कुठेतरी होता.

मी बाहेर आले आणि टेबलाकडे बघत उभी राहिले. मग तीन नंबरचं इंजिन उचललं, त्याच्या डाव्या अंगाला खडूनं जाड रेघ ओढली आणि बोटानं ढकलत निघाले. स्टेशन, टाकी, पूल. रेघ खिडकीकडच्या रुळावर. बोगदा, सांधा, वळसा. गोल फिरून परत सांध्यावर, परत बोगदा, परत पूल. आणि रेघ? रेघ भिंतीकडच्या रुळावर!

"बाबा!" मी असली किंकाळी फोडली की आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. "बाबा, इकडे या! आधी या! तुम्ही चुकला नाहीत!"

मी त्यांची खुर्ची ओढतच आणली. ते नको नको म्हणत होते, मी ऐकतेय कुठली. इंजिन त्यांच्या डाव्या हातात दिलं. "ढकला. रेघेकडे बघत ढकला."

त्यांनी ढकललं. टेबलाच्या पलीकडे त्यांचा हात पोचेना तिथे मी ढकललं. इंजिन वळसा घालून त्यांच्यापुढे परत आलं तेव्हा त्यांनी रेघ बघितली, रूळ बघितला आणि तोंड उघडं टाकलं.

"जाताना डावी खिडकीकडे," मी म्हणाले, "येताना तीच डावी भिंतीकडे. ड्रायव्हरची डावी कायम डावीच. तुम्ही अकराही तुकडे अचूक सांगितलेत. पण गाडी उलटी फिरून त्याच रुळावर आली की डावा रूळ जाऊन उजव्याला भिडतो. लाल जाऊन काळीला! वळसा आहे तिथे शॉर्ट हा होणारच."

"खऱ्या लाइनीवर असं कधी झालं नाही," बाबा म्हणाले.

"खरं इंजिन डिझेल पितं, बाबा!"

"मग तुला आधी का नाही कळलं? मोठी मेकॅनिक ना?"

"माझी लिफ्ट वर जाते आणि खाली येते. ती बिचारी कधी वळली आहे का?"

बाबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला लागेपर्यंत हसले. आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि आम्हा दोघांना वेडे म्हणत होती. हसणं थांबल्यावर बाबांनी हळूच मला विचारलं, "म्हणजे डोकं ठीक आहे माझं?"

"माझ्यापेक्षा ठीक आहे," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

शनिवारी सकाळी मी बारीक करवतीनं वळशाच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापले. "रूळ कापतेस? माझा रूळ?" म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं, पण दिवा त्यांनीच धरला. आता वळसा बाकीच्या लाइनीपासून सुटा झाला. त्याला करंट द्यायचा तो रिलेमधून, म्हणजे वायरींची अदलाबदल करणाऱ्या एका डबीतून. ती डबी माझ्या पिशवीत असतेच, कारण वर जाणारी लिफ्ट खाली आणायला आम्ही असंच काही करतो. डबी सांध्याच्या बटणाला जोडली. गाडी अख्खी वळशात शिरली की बटण दाबायचं. सांधाही बदलतो आणि वळशातली लाल-काळीही आपसात बदलते. गाडीला याचा पत्ताही लागत नाही. मात्र बटण वेळेवर दाबलं पाहिजे. शेवटचा डबा आत यायच्या आधी दाबलं किंवा इंजिन बाहेर निघेपर्यंत दाबायचं राहिलं, तर टीं टीं.

"एवढं एक बटण तुम्ही दाबा, सोपं आहे," मी बाबांना म्हणाले.

"ड्रायव्हर सांधा बदलत नाही," बाबा म्हणाले. "सांधेवाला वेगळा असतो. नियम आहे."

"बाबा, चार वाजत आलेत!"

"नियम म्हणजे नियम."

मला टेबलाखाली रिलेपाशी बसायचं होतं, तिथली एक तार अजून नीट बसली नव्हती. घरात उरलं कोण? आई. या टेबलाला बावीस वर्षं ‘माझी सवत’ म्हणत आलेली माझी आई! तिनं हात पुसले, स्टूल ओढलं आणि बटणापाशी बसली. "मी काय करायचं ते एकदाच सांगा. दोनदा ऐकणार नाही."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. घड्याळवाले आले होते, हातात मोजायची टेप. खाली टेम्पो उभा होता, त्याचं इंजिन चालूच होतं. मी त्यांना म्हटलं, "पाच मिनिटं बसा." ते भले गृहस्थ, भिंतीशी टेकून उभे राहिले.

मी कंट्रोलचं बटण दाबलं. हिरवा दिवा! जीव भांड्यात पडला. मी टेबलाखाली शिरले; वरचं सगळं नंतर या तिघांकडून ऐकलेलं. बाबांनी डाव्या अंगठ्यानं शिट्टी दिली आणि खोलीत खऱ्या इंजिनाचा भोंगा घुमला. तीन नंबर चार डबे घेऊन हलला. टाकी गेली. पुलावर वेग कमी झाला, तीस म्हणजे तीस! बोगद्यात शिरला, बाहेर आला, सांध्यावरून वळशात गेला. आई त्या इंजिनाकडेच बघत होती, ते आत गेलं आणि तिनं लगेच बटण दाबलं. शेवटचा डबा अजून बाहेरच होता!

टीं टीं टीं टीं. सगळं ठप्प.

"इंजिन नाही बघायचं! शेवटचा डबा बघायचा!" बाबा गरजले.

"आजच कामावर लागलेय मी! पहिल्याच दिवशी अंगावर येताय?" आईही कमी नव्हती.

घड्याळवाले खाकरले. "हे डिजिटल काम जरा अवघडच असतं. क्लबात आमची मुलं बघतील निवांत. तुम्ही दमू नका." त्यांच्या बोलण्यात काडीचाही खोटेपणा नव्हता. मी टेबलाखालून बाबांच्या चपलांकडे बघत होते. त्या मागे वळतात की काय, एवढंच मनात होतं.

चपला हलल्या नाहीत. आईनं बटण परत दाबलं, टीं टीं थांबलं आणि हिरवा दिवा परत लागला. वर अंगठ्याचा बारीक आवाज झाला, आणि तीन नंबर मागे मागे, इंच इंच करत, चारही डब्यांना धक्का न लावता थेट स्टेशनपर्यंत आला. मग परत शिट्टी.

टाकी. पूल. बोगदा. गाडी वळशात शिरत होती आणि घड्याळवाले नेमके तेव्हाच म्हणाले, "मग टेबलाचं काय ठरलं? टेम्पोवाला खाली..."

आईनं शेवटच्या डब्यावरची नजर काढली नाही. नुसता तळहात वर केला. "ड्रायव्हरशी बोलू नका. गाडी लाइनीवर आहे."

आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबांनी तो शब्द दुरुस्त केला नाही. ते एवढंच म्हणाले, "सांधा!"

खट्. माझ्या डोक्याशी रिले वाजला. तीन नंबर वळशातून बाहेर आला, तोंड आमच्याकडे करून, बोगद्यातून, पुलावरून, थेट बाबांच्या समोर, आणि फलाटाला लागून थांबला. घड्याळवाल्यांनी टेप खिशात टाकली, खिडकीतून वाकून टेम्पोवाल्याला ‘जा’ म्हणून हात केला आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली.

मी टेबलाखालीच बसून पोटभर रडून घेतलं. वर त्या दोघांचं जुंपलं होतं. बाबा म्हणत होते सांधा अर्धा सेकंद लवकर पडला, आणि आई म्हणत होती, मुळीच नाही.